परमिट कुणाच्या नावावर?

इचलकरंजी-कबनूर पट्ट्यातल्या तरुणांच्या मोबाइलवर सध्या एक शब्द फार फिरतो आहे: वर्क परमिट. इटलीचे परमिट, माल्टाचे परमिट, क्रोएशियाचे परमिट, इस्रायलची भरती. चहाच्या टपरीवर, यंत्रमागाच्या शेडबाहेर, विहाराच्या कट्ट्यावर कुणीतरी एखादा व्हिडिओ दाखवत असतो आणि बाकीचे दोनच प्रश्न विचारतात. किती लाख लागतात? किती महिन्यांत होते? तिसरा प्रश्न मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ते परमिट कुणाच्या नावावर असते?

हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो, नाहीतर काही मित्र म्हणतील की कार्यकर्ते मंडळी पोरांना घरात डांबून ठेवायला निघाली आहेत. तरुणांनी परदेशी जाऊ नये असे मी म्हणत नाही. आंबेडकरी माणसाला तसे म्हणताच येत नाही. गाव म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. गावाच्या गौरवगीतात त्यांनी कधी सूर मिसळला नाही. गाव सोडा, शहर गाठा, शिका, नवा धंदा धरा, हा आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलेला आणि पाळलेला सल्ला आहे. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, गोदी, लष्कर इथे जाऊनच आपली माणसे माणसात आली. तेव्हा कबनूरचा पोरगा मिलानला निघाला तर मला आनंदच आहे.

पण आपले लोक गाव सोडत होते ते नेमके काय मागे टाकण्यासाठी? फक्त गरिबी नव्हे, गरिबी तर शहरातही होती. ते मागे टाकत होते वतन.

आजच्या विशीतल्या मुलांना महार वतन ही गोष्ट पुस्तकातली वाटते, म्हणून थोडे सांगावे लागेल. वतन म्हणजे नुसता जमिनीचा तुकडा नव्हता. काम, मोबदला आणि राहण्याची जागा या तीन गोष्टी एकाच दोरीने बांधण्याची ती पद्धत होती. सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम दिवस-रात्र करायचे. घरातला कर्ता आजारी पडला तर मुलाने किंवा बापाने जायचे. बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार जाऊन मागायचे बलुते. काम नाकारले की जमीन धोक्यात, बलुते बंद, गावात राहणे मुश्कील. कुणी साखळदंड घालत नव्हते. तरीही माणूस हलू शकत नव्हता, कारण त्याचे जगण्याचे सगळे कागद एकाच धन्याच्या हातात होते.

ही गोष्ट कोल्हापूरकरांना दूरची नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार वतन रद्द केले आणि त्या जमिनी रयतावा केल्या. आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते आणि शाहू महाराजांनी भर सभेत त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. पुढे १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. जमीन जाईल या भीतीने आपल्यातलेच काही जण वतन सोडायला तयार नव्हते, हेही विसरू नये. मुंबई राज्यात ही वतने कायद्याने संपली १९५८ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आता इटलीचे परमिट कसे मिळते ते पाहू. इटली घेतो, कारण भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आपल्याकडच्या एजंटांचे सगळ्यात आवडते नाव तेच आहे आणि तिथली पद्धत बऱ्यापैकी माहितीत आहे.

इटलीचे सरकार युरोपीय संघाबाहेरच्या किती कामगारांना घ्यायचे याचा कोटा ठरवते. त्या हुकमाला तिकडे ‘देक्रेतो फ्लुस्सी’ म्हणतात. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी हा कोटा ४ लाख ५२ हजारांचा होता, पुढच्या तीन वर्षांसाठी तो ५ लाखांच्या जवळ नेला आहे. शेती, हॉटेल, बांधकाम, ट्रक चालवणे, घरी म्हाताऱ्यांची देखभाल असे कामाचे प्रकार ठरलेले असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तिथल्या गृहखात्याची वेबसाइट उघडते. त्याला ‘क्लिक डे’ म्हणतात. जागांपेक्षा कितीतरी जास्त अर्ज येऊन पडतात. आणि हे अर्ज करतो कोण? मालक. कामगार नव्हे. मला अमुक देशातला अमुक माणूस अमुक कामाला हवा आहे, त्याच्या राहण्याची सोय आहे, पगार इतका देईन, असा अर्ज इटलीतला मालक करतो. तो मंजूर झाला की ‘नुल्ला ओस्ता’ नावाचा कागद निघतो. शब्दशः अर्थ, काही अडथळा नाही. आपल्या तहसीलमधल्या ना-हरकत दाखल्याचाच तो इटालियन भाऊ. त्याची मुदत सहा महिन्यांची. त्यावर इथून व्हिसासाठी अर्ज करायचा. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी इटलीचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. व्हिसा मिळाला, विमानातून उतरलात, तरी काम संपलेले नाही. उतरल्यावर ठरावीक दिवसांत मालकाबरोबर निवासाचा करार होऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज व्हावा लागतो. त्या परवान्याचे नाव ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’. तो हातात आला की तुम्ही तिथले कायदेशीर कामगार.

या साखळीत एक कडी नीट बघा. तुम्ही उतरलात आणि मालक करार करायला आलाच नाही तर? किंवा मालक नावाचा माणूस मुळात नव्हताच, नुसती कागदावरची कंपनी होती, तर? तुमचा व्हिसा खरा, शिक्का खरा, विमानाचे तिकीट खरे, आणि तरीही काही दिवसांत तुम्ही त्या देशात बेकायदा. ही कल्पनेतली भीती नाही. ४ जून २०२४ रोजी इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनी स्वतः सांगितले की या कोटा पद्धतीत संघटित गुन्हेगारी घुसली आहे, काही भागांत तिथल्या मालकांच्या संख्येशी न जुळणारे प्रचंड अर्ज आले आहेत आणि परवानगी मिळालेल्यांपैकी थोड्यांनीच प्रत्यक्ष नोकरीचा करार केला आहे. प्रकरण त्यांनी माफियाविरोधी सरकारी वकिलांकडे दिले. परक्या कामगारांविषयी या बाईंना फार कळवळा आहे अशी त्यांची ख्याती नाही. तरी त्यांना हे बोलावे लागले.

गेल्या वर्षी वस्तीतला एक तरुण माझ्याकडे मोबाइल घेऊन आला. "दादा, परमिट आलंय की. फक्त वाचून सांगा काय लिवलंय." पीडीएफ होती. वर युरोपातल्या एका देशाचा झेंडा, खाली गोल शिक्का, मध्ये मोठ्या अक्षरात इंग्रजीत ‘वर्क परमिट’. कंपनीचे नाव होते, पत्ता नव्हता. कामाचा प्रकार होता ‘जनरल वर्कर’. पगार, कामाचे तास, सुट्टी यांविषयी एक ओळ नाही. त्याने तोवर दीड लाख रुपये दिले होते. आईच्या नावावर काढलेले मायक्रोफायनान्सचे कर्ज आणि उरलेले सोने मोडून. त्या कागदावर कामगाराला हक्क देणारे एकही वाक्य नव्हते. आम्ही दोघांनी तो एजंट गाठायचा प्रयत्न केला. फोन लागला, मग लागेनासा झाला. हे इतके नेहमीचे आहे की जास्त लिहीत नाही.

खोटा कागद हा सोपा प्रश्न आहे, तो पोलिसांचा आहे. अवघड प्रश्न खऱ्या कागदाचा आहे.

जुलै २०२४ मध्ये इटलीच्या वेरोना प्रांतात पोलिसांनी ३३ भारतीय शेतमजुरांची सुटका केली. हे लोक समुद्रातून बोटीने लपून गेलेले नव्हते. त्यांना हंगामी कामाच्या परवानगीवर आणले होते. प्रत्येकाकडून १७ हजार युरो मागितले होते, त्या वेळच्या भावाने पंधरा लाखांच्या वर. ते फेडण्यासाठी दिवसाला दहा-बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, तासाला ४ युरोने राबवले जात होते, आणि तेही पैसे कर्जात वळते होत होते. पासपोर्ट काढून घेतलेले. त्याच्या महिनाभर आधी, रोमजवळच्या लातिना भागात एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याच्याकडे कागद नव्हते. मालकाने त्याला दवाखान्यात न नेता घराच्या दारात टाकून दिले. दोन दिवसांनी तो मेला. हजारो भारतीय मजूर लातिनाच्या रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे इटलीला कळले की आपल्या ताटातली भाजी कोण काढते.

या मजुरांना गोळा करून शेतावर नेणाऱ्या माणसाला इटालियन भाषेत ‘कापोराले’ म्हणतात आणि त्या पद्धतीला ‘कापोरालातो’. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या आपल्या फडात येतात, तेव्हा त्यांच्या पुढे असतो तो मुकादम. उचल दिली, कोयता विकत घेतला. उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. वेरोनातले १७ हजार युरो म्हणजे उचलच, फक्त उलट्या बाजूने. इथे मुकादम आधी पैसे देऊन माणूस बांधतो, तिथे माणूस आधी पैसे देऊन स्वतःला बांधून घेतो. कापोरालातोविरुद्ध इटलीत २०१६ सालचा कडक कायदा आहे, मालकालाही तुरुंगात घालणारा. तरी ही पद्धत चालू आहे, कारण तक्रार करणाऱ्याचा राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला आहे. मालकाविरुद्ध तोंड उघडायचे म्हणजे आपल्याच पायाखालची जमीन काढून घेण्यासारखे.

काम, मोबदला आणि राहण्याची जागा एका दोरीने बांधलेली. ओळखीचे वाटते ना?

म्हणून मी या परमिटला नवे वतन म्हणतो. काही मित्रांना ही तुलना भडक वाटेल. वतन जन्माने मिळत होते, परमिट आपण स्वखुशीने घेतो, असे ते म्हणतील. फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण १९३८ मध्ये मुंबई कायदेमंडळात औद्योगिक कलह विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी घेतलेली भूमिका आठवा. कामगाराने काम थांबवले म्हणून त्याला शिक्षा करणे म्हणजे त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला लावणे, आणि ती गुलामीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ चा संप झाला, स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून. कामाला तुम्ही कसे लागलात, एवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी विचारले की ते सोडता येते का. सुरुवातीची खुशी आणि नंतरची मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम सोडले की माणूस बेकायदा ठरतो, अशी व्यवस्था कुठल्याही देशाने केली तरी आंबेडकरी माणसाने तिला हाच प्रश्न विचारायला हवा.

आणि हा प्रश्न एका परक्या सर्वोच्च न्यायालयानेही विचारला आहे. कुठल्या? ज्या देशाच्या भरतीची जाहिरात आपल्या पोरांच्या मोबाइलवर आहे, त्या इस्रायलच्या. परदेशी कामगाराचा परवाना एकाच मालकाला बांधून ठेवण्याच्या तिथल्या पद्धतीविरुद्ध काव लाओवेद ही कामगार हक्क संघटना आणि इतर संस्था न्यायालयात गेल्या. ३० मार्च २००६ रोजी निकाल लागला. अशी बांधणी म्हणजे गुलामीचाच एक आधुनिक प्रकार आहे असे म्हणत न्यायालयाने ती पद्धत बेकायदा ठरवली. मात्र २०११ मध्ये तिथल्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि म्हाताऱ्या-आजारी लोकांची देखभाल करणाऱ्या परदेशी कामगारांच्या मालक बदलण्यावर पुन्हा बंधने घालण्याची मुभा सरकारला दिली. तिथल्या संघटनांनी त्या दुरुस्तीला सरळ ‘गुलामी कायदा’ असे नाव ठेवले. मग सप्टेंबर २०२४ मध्ये ५ हजार देखभाल कामगार आणि १० हजार बांधकाम कामगार हवेत म्हणून भारताकडे मागणी आली आणि भरतीची फेरी महाराष्ट्रात, पुण्यात झाली. देखभालीच्या कामासाठी अट होती दहावी पास आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. तिथल्या कायद्यात देखभाल कामगाराला काय सोसावे लागते, हे जाहिरातीत कसे असेल?

इस्रायलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या चळवळीत मोकळेपणाने बोलली जात नाही. भारतातून ४२ हजार कामगार पाठवण्याचा समझोता युद्धाच्या आधी, मे २०२३ मध्येच झाला होता. त्यातले ३४ हजार बांधकामासाठी. पण घाई सुरू झाली ७ ऑक्टोबर २०२३ नंतर. इस्रायलच्या बांधकामांवर सुमारे ८० हजार पॅलेस्टिनी मजूर काम करत होते. त्यांचे परवाने एका फटक्यात थांबवले गेले. मचाणे रिकामी पडली. त्या मचाणांवर उभे राहायला हरियाणा आणि उत्तर प्रदेशात परीक्षा झाल्या, रोहतक आणि लखनौला थंडीत रांगा लागल्या. महिन्याला सुमारे १ लाख ३७ हजार रुपये पगार सांगितला गेला. आपल्या देशातल्या प्रमुख केंद्रीय कामगार संघटनांनी या भरतीला विरोध केला होता. ४ मार्च २०२४ रोजी लेबनॉनच्या सीमेजवळच्या मार्गालियोत इथे क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात केरळमधल्या कोल्लमचा एक तरुण शेतमजूर ठार झाला. जाऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

कुणी म्हणेल, मरण तर इथल्या गटारातही आहे. सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मरणाऱ्यांची जात सगळ्यांना माहीत आहे. दीड लाखाच्या पगारासाठी कुणी जोखीम घेतली तर त्याला नैतिकतेचे धडे कशाला? मी धडे देत नाही. बारा तासांच्या पाळीत माग चालवणाऱ्या, मीटरवर मजुरी मोजली जाणाऱ्या, सूत महागले की मालक माग बंद ठेवतो म्हणून घरी बसणाऱ्या पोराला नैतिकता शिकवायला माझ्याकडे तोंड नाही. पण चळवळ म्हणून एक प्रश्न टाळता येत नाही. एका समूहाला त्याच्या जन्मामुळे कामावरून हाकलायचे आणि त्याच्या जागी दुसऱ्या देशातला गरजू माणूस आणून उभा करायचा, या खेळात आपण कोणत्या सोंगट्या आहोत? संप फोडायला गिरणीमालक कुठून माणसे आणत होते, हा इतिहास मुंबईच्या गिरणगावाला ठाऊक आहे. आणि त्याच गिरण्यांत विणकाम खात्याची, बऱ्या पगाराची दारे अस्पृश्यांना बंद होती हेही ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवून विचार करायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे.

"तिकडे जात तरी नाही," असे इस्रायलबद्दल आणि एकूणच परदेशाबद्दल सर्रास बोलले जाते. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना विचारा. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे, घरात मराठी बोलणारे हे ज्यू लोक १९४८ नंतर हजारोंच्या संख्येने इस्रायलला गेले. आपल्या लोकांत गेलो असे त्यांना वाटले. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या वंशाच्या शुद्धतेवरच शंका घेतली. लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे फर्मान निघाले. त्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते पूर्ण बरोबरीचे ज्यू असल्याचे सांगितले. शुद्धतेचा आजार फक्त मनुस्मृतीत नाही.

आता आपल्या सरकारकडे वळू. परदेशी नोकरीवर जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे उत्प्रवास कायदा आहे, १९८३ चा. परदेशी रोजगारासाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि त्याची सेवा फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकीच असू शकते. पुन्हा वाचा. तीस हजार. लाखांत बोलणारा प्रत्येक एजंट पहिल्याच वाक्यात कायदा मोडत असतो. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कुणालाही पाहता येते.

पण या कायद्यातल्या संरक्षणाची मेख वेगळीच आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा येतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ईसीआर म्हणतात. अशा माणसाने ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचे असेल तर सरकारी अधिकारी त्याचा करार तपासतो आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. त्या १८ देशांत आखाती देश आहेत. भूमध्य समुद्राकाठचे लिबिया, लेबनॉन आणि सीरिया आहेत. इटली नाही, माल्टा नाही, सायप्रस नाही, ग्रीस नाही, इस्रायलही नाही. म्हणजे कबनूरचा नववी नापास पोरगा दुबईला निघाला तर सरकार निदान कागद तरी बघते. तोच पोरगा बाहेरून दहावी पास झाला की तपासणीतून सुटतो आणि इटलीच्या टोमॅटोच्या शेतावर निघाला तर त्याचा करार बघायला कुणी नाही. दहावीच्या मार्कलिस्टने माणूस शहाणा होतो आणि युरोपात शोषण होत नाही, अशा दोन अंधश्रद्धांवर हे संरक्षण उभे आहे. वेरोनातल्या ३३ जणांनी दुसरी अंधश्रद्धा खोटी पाडली. पहिली आपल्या वस्तीतला कोणीही खोटी पाडून दाखवेल.

भारत आणि इटलीमध्ये २ नोव्हेंबर २०२३ रोजी स्थलांतर आणि गतिशीलता करार झाला. त्यात भारतीय कामगारांसाठी कोट्यात राखीव जागा आहेत, इटलीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर १२ महिने राहण्याची सोय आहे. चांगले आहे. पण पाठवायचे कुणाला शिकायला आणि कुणाला टोमॅटो तोडायला, हे इथेच ठरते. अनुसूचित जातीच्या आणि इतर वंचित विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा देशभरात मिळून वर्षाला १२५. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना आधी पत्रे मिळाली, बाकी ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर देऊ असे सांगितले गेले. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५. आणि एकट्या इस्रायलच्या समझोत्यातले बांधकाम मजूर ३४ हजार. मजूर पाठवायला सरकार परीक्षा केंद्रे उघडते, प्रशिक्षण देते. विद्यार्थी पाठवायचा म्हटले की तिजोरी आठवते.

बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड. त्यालाही करार होता, परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा. ते १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्याला गेलेसुद्धा. तिथे राहायला घर मिळाले नाही, कचेरीत शिपाई लांबून फायली टाकायचे. ते नोकरी सोडून मुंबईला आले. ते सोडून येऊ शकले. हाताशी कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते, पुढे शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेनांनी कर्ज दिले. सोडता येण्यासाठी खिशात काहीतरी असावे लागते. सावकाराचे सात लाख डोक्यावर घेऊन निघालेला आपला पोरगा पहिल्या मालकाला सोडणार कसा?

म्हणून चळवळीने या विषयात भाषणांपलीकडे जावे असे मला वाटते. पहिली मागणी पैशाची आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने परदेशी नोकरीच्या खऱ्या खर्चासाठी, म्हणजे व्हिसा, तिकीट, भाषेचा वर्ग आणि पहिल्या महिन्याचा खर्च यांसाठी, कमी व्याजाचे कर्ज द्यावे. खरा खर्च सावकाराच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. दुसरी मागणी कराराची. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये एकल परवान्याचे नवे नियम मंजूर केले. परदेशी कामगाराला मालक बदलता यावा आणि नोकरी गेली तरी निदान तीन महिने त्याचा परवाना रद्द होऊ नये, असे त्यात आहे. सदस्य देशांना ते लागू करायला मुदत दिली २१ मे २०२६ ची. हंगामी मजूर मात्र या नियमांच्या बाहेर ठेवले आहेत आणि वेरोनातले ३३ जण नेमके हंगामीच होते. आपले सरकार एकेका देशाशी करार करते तेव्हा हंगामी मजुरालाही मालक बदलण्याचा हक्क मिळावा, हे कलम भारताने मागितले पाहिजे. आपण माणसे देतो आहोत, अटी घालण्याइतकी आपली पत आहे.

तिसरे काम आपल्या हातातले आहे. दर रविवारी वंदनेनंतर विहारात तास-दीड तास बसून कागद वाचायचे. कुणाकडे परमिट आले असेल तर तो घेऊन येईल. त्यात पाहायचे ते थोडकेच आहे: मालकाचे पूर्ण नाव आणि पत्ता, कामाचा प्रकार, ठोक पगार आणि हातात येणारा पगार, कामाचे तास, राहण्याचे पैसे कोण भरणार, परमिट किती महिन्यांचे आणि मालक बदलायचा झाल्यास नियम काय. इटलीचे असेल तर नुल्ला ओस्ता कधी निघाला आणि त्याचे सहा महिने कधी संपतात. एजंटचे नाव ई-मायग्रेटच्या यादीत आहे का. करार इटालियन किंवा हिब्रू भाषेत असेल तर एजंटकडून मराठी किंवा इंग्रजी भाषांतर मागायचे आणि ते मिळेपर्यंत एक रुपया द्यायचा नाही. पासपोर्टची प्रत आणि कराराची प्रत घरी ठेवून जायचे. विहारात लॅपटॉप असलेले दोन पदवीधर सहज मिळतात. कबनूरमध्ये हे काम मी आणि काही मित्र सुरू करतो आहोत. माणगाव, हुपरी, रेंदाळ, शिरोळकडच्या ज्या कार्यकर्त्यांकडे असे कागद आले असतील त्यांनी त्यावरची नावे झाकून प्रती आणाव्यात. एकाच एजंटचा तोच शिक्का चार गावांत सापडला, तर तक्रार एकेकट्याने करायची गरज राहणार नाही.